आवडत्या लेखिकेशी बोलायचं तरी काय?

मैत्रिणींनो, मागच्या अंकात आपण तूरडाळीला कीड लागू नये म्हणून काय करावं ते पाहिलं. त्यावर तुमची पुष्कळ पत्रं आली. कुणी एरंडेल तेलाचा हात फिरवायला सांगितलं, कुणी कडुनिंबाचा वाळलेला पाला, कुणी नुसतं कडक ऊन. ते सगळं पुढच्या खेपेला. कारण याच गठ्ठ्यात एक पत्र असं निघालं, की डाळ बाजूला ठेवावी लागली.

पत्र तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका भगिनीचं आहे. नाव छापू नका म्हणतात, म्हणून छापत नाही. संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाच्या दिवसांत त्यांच्या गावच्या नाट्यगृहात एका मालिकेची मंडळी आली होती. हल्ली वाहिन्या असे मेळावे भरवतात, तुमच्यापैकी बऱ्याच जणी जाऊनही आल्या असतील. नायिकेच्या हस्ते वाण, उखाण्यांची स्पर्धा, सोडतीत एखादी पैठणी आणि मग फोटो, फोटो आणि फोटो! सगळ्या बायका नायिकेला गराडा घालून. आपली ही मैत्रीण मात्र शोधत होती मालिकेच्या लेखिकेला. सुरुवातीला भराभर नावं पळतात ना, त्यातलं ते एक नाव तिनं तीन वर्षं नेमानं वाचलं होतं.

का, ते ऐका. घरात ती आणि सासूबाई. भांडण असं काही नाही, पण दोघी कामापुरतंच बोलायच्या. 'कुकर लावलास?' 'लावला.' झालं. मालिका मात्र एकाच पलंगावर बसून बघायच्या. एका भागात मालिकेतली सासू रात्री सुनेच्या खोलीशी येते आणि दाराबाहेरूनच म्हणते, की आईला फोन करायचा तर इथं बाहेर बसून कर, चोरून कशाला? एवढाच प्रसंग. रडारड नाही, ढणढण वाजणारं संगीत नाही. जाहिराती लागल्या तशा सासूबाई टीव्हीकडेच बघत म्हणाल्या, "तू पण मोरीत जाऊन करतेस ना गं फोन?" त्या संध्याकाळपासून दोघी बोलायला लागल्या. पुढं दीड वर्षानं सासूबाई गेल्या. ते दीड वर्ष आपल्याला त्या लेखिकेमुळं मिळालं, असं हिला वाटतं. तेवढं एकच तिला सांगायचं होतं.

लेखिकाबाई कोपऱ्यात चहाच्या टेबलाशी एकट्याच उभ्या होत्या. ही तिळगुळाची पुडी घेऊन जवळ गेली आणि तोंडातून निघालं काय?

"अय्या! तुम्ही एवढ्याशाच आहात?"

बाई हसल्या. म्हणाल्या, "हो, एवढीशीच." मग दोघीही गप्प. तेवढ्यात संयोजकांनी बाईंना व्यासपीठावर बोलावलं. पुडी हिच्या हातातच राहिली.

'त्या दिवसापासून माझी मलाच लाज वाटते. त्यांना काय वाटलं असेल? आणि आता मी काय करू?' असं त्या विचारतात.

ताई, पहिल्यांदा लाजेचं बघू. तुमच्या बोलण्यानं बाईंना फारसं काही वाटलेलं नसणार, याची मला खात्री आहे. असल्या मेळाव्यांतून लिहिणाऱ्यांना काय काय ऐकावं लागतं, ते एकदा त्यांच्या बाजूला उभं राहून ऐकायला हवं. 'तुम्ही कोण? मेकअपवाल्या का?' 'माझ्या भाच्याला एखादा रोल द्या ना.' 'तुमची मालिका आम्ही नाही हो बघत, पण आमच्या मोलकरणीला फार आवडते.' त्या मानानं तुमचं 'एवढ्याशाच' म्हणजे कौतुकच झालं. मनात इतकी मोठी केलेली बाई प्रत्यक्षात खांद्याला लागली, तर बोलणार काय दुसरं?

खरी अडचण आहे ती वेगळीच. आपण त्यांना तीन वर्षं ओळखतो आणि त्या आपल्याला अर्ध्या मिनिटापूर्वी भेटलेल्या असतात. त्यांचे शब्द रोज संध्याकाळी आपल्या घरात येतात, आपण भाजी निवडता निवडता ते ऐकतो, त्यावर नवऱ्याशी वाद घालतो. आपलं नातं पार जुनं. त्यांच्यापुढं मात्र एक अनोळखी बाई पुडी घेऊन उभी! आपण मधूनच सुरुवात करतो, त्यांची अजून पहिल्यापासूनसुद्धा झालेली नसते. मग जीभ टाळूला चिकटते नाहीतर भलतंच बोलते. यात तुमचा काही वेंधळेपणा नाही.

त्यात टीव्हीच्या लिहिणाऱ्यांचा चेहरा कुणी पाहिलेला नसतो. कादंबरीच्या पाठीवर निदान फोटो असतो. १९८५ साली दूरदर्शनवर 'रजनी' लागायची, आठवते? नाव काढलं की प्रिया तेंडुलकर डोळ्यांपुढं येते. ती मालिका लिहिणाऱ्यांत करण राजदान होते आणि त्यात रजनीच्या नवऱ्याचं कामही त्यांनीच केलं होतं. नवरा म्हणून ते घराघरांत ठाऊक झाले, लेखक म्हणून किती जणींना ठाऊक होते? 'चिमणराव आणि गुंड्याभाऊ' मुंबई दूरदर्शनवर आले, तेव्हा तर चिं. वि. जोशी हयातच नव्हते. ते १९६३ सालीच गेले आणि मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. घरोघरी जे हसू पोचलं, त्याची पोच त्यांना द्यायला कुणाला सापडणार? म्हणून म्हणते, लेखक हयात असतो, समोर चहा पीत उभा असतो, तेव्हा त्याच्याकडं गेलंच पाहिजे. तुम्ही गेलात हे उत्तम केलंत.

आता पुन्हा कधी असा योग आला, तुम्हाला किंवा दुसऱ्या कुणाला, तर थोडं ठाऊक असलेलं बरं. पुष्कळ जणी लेखिका दिसली की आधी जाब विचारतात. 'त्या बिचारीचं मूल का घालवलंत?' 'चांगल्या माणसाला एकदम वाईट का केलंत?' विचारू नये असं नाही, पण मालिका एका हातानं लिहिली जात नाही. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, असं बऱ्याचदा असतं. नावं येतात तेव्हा जरा नीट बघा, तिन्ही वेगवेगळी दिसतील. वर वाहिनीची माणसं, निर्माते, आणि आठवड्याच्या आठवड्याला येणारे टीआरपीचे आकडे. एखादी नटी बाळंतपणासाठी रजेवर गेली की कथेतल्या बाईला तडकाफडकी परदेशी धाडावं लागतं. लेखिकेनं ते हौसेनं केलेलं नसतं.

शिवाय वेग केवढा! अर्ध्या तासाचा भाग जाहिराती वगळून वीस-बावीस मिनिटांचा भरतो आणि आठवड्याला असे पाच-सहा भाग लिहून द्यायचे. तयार भागांच्या शिल्लक साठ्याला त्यांच्याकडं 'बँक' म्हणतात. आपला कुरडया-पापडांचा डबा असतो ना, तसाच. डबा भरलेला असला की गृहिणी निर्धास्त. २०२० च्या मार्चमध्ये चित्रीकरणं बंद पडली तेव्हा हा डबा बघता बघता रिकामा झाला आणि जुलैपर्यंत आपण जुनेच भाग पाहत बसलो. तुम्हाला आठवत असेल, तेव्हा कुठं कळलं की रोजचं ताट कुणीतरी रोज रांधत होतं!

आणखी दोन गोष्टी, थोडक्यात. स्वतः लिहिलेल्या कथेची वही लेखिकेच्या हातात कोंबू नका. त्या घेणार नाहीत, आणि त्यात शिष्टपणा नसतो. उद्या त्यांच्या मालिकेत तसाच एखादा प्रसंग आला, तर 'माझी कथा चोरली' असं म्हणायला माणसं कमी करत नाहीत, म्हणून ही मंडळी परक्याची वही उघडतच नाहीत. तुम्हाला खरोखर मालिकेसाठी लिहायचं असेल, तर मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद होऊन कथेची नोंद करता येते. आधी नोंद, मग दाखवणं. आणि डबा नेणार असाल तर कोरडा पदार्थ न्या. पुरणपोळी प्रेमाची खरी, पण बाईंना पुढं रात्रभर गाडीत बसायचं असतं आणि तूप साडीला लागतं.

फोटोचं काय, असं तुम्ही विचाराल. घ्या की! पण आधी बोला, मग मोबाईल काढा. मोबाईल आधी निघाला की समोरचं माणूस नुसतं हसायच्या तयारीला लागतं, ऐकायच्या नाही.

आणि बोलायचं काय? 'तुमची मालिका फार छान आहे' हे वाक्य त्या दिवसात त्यांनी शंभर वेळा ऐकलेलं असतं. ते वरणभातासारखं, पोट भरतं, चव लक्षात राहत नाही. त्यापेक्षा एकच प्रसंग सांगा आणि त्या दिवशी तुमच्या घरात काय झालं ते सांगा. 'सासू दाराबाहेरून बोलते तो भाग लागला, त्या दिवशी माझ्या सासूबाई माझ्याशी पहिल्यांदा मोकळेपणानं बोलल्या.' बघा, वाक्य एकच आहे, श्वासभरात संपतं. लिहिताना त्या बंद खोलीत एकट्या असतात. लिहिलेलं कुणाच्या घरात जाऊन काय करतं, हे टीआरपीच्या आकड्यात दिसत नाही. ते आपणच सांगायचं असतं. तरीही ऐन वेळी घशाला कोरड पडली, तर तिळगुळ हातावर ठेवावा आणि नमस्कार करून निघावं. संक्रांतीच्या दिवसांत त्याला वेगळं बोलावं लागत नाही.

पण ताई, तुमच्यासाठी मला दुसराच मार्ग बरा वाटतो. तुम्ही मला चार पानी पत्र लिहिलंत आणि ते वाचताना मी दोनदा चष्मा पुसला. ज्या बाईला असं लिहिता येतं, तिनं तोंडानं बोलण्याचा हट्ट का धरावा?

पत्रांनी काय होतं म्हणाल, तर 'हम लोग'ची गोष्ट सांगते. मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली ही मालिका जुलै १९८४ ते डिसेंबर १९८५ दूरदर्शनवर चालली, दीडशेहून अधिक भाग झाले. सुरुवातीला तिच्यात कुटुंबनियोजनाचा उपदेश इतका, की लोक कंटाळले. तसं त्यांनी कळवलंही. साधारण तेरा भागांनंतर उपदेश आटोपता घेतला आणि घरातल्या माणसांच्या सुखदुःखाकडं मालिका वळली. मग मात्र पत्रांचा पाऊस! पुढं ज्यांनी या मालिकेचा अभ्यास केला, त्यांनी चार लाखांच्या आसपास पत्रांची नोंद केली आहे. बरीचशी अशोककुमारांच्या नावानं, कारण भागाच्या शेवटी तेच आपल्याशी बोलायचे. बडकीचं लग्न झालं तेव्हा तर लोकांनी अभिनंदनाच्या तारा केल्या, भेटवस्तू धाडल्या. हसू नका, आपल्यातल्याच कुणी कुणी धाडल्या असतील!

मला त्यातली एक गोष्ट फार विचार करायला लावते. त्यातली आई, भागवंती, सगळं मुकाट्यानं सोसणारी. असं राहू नका, हे दाखवायला लिहिणाऱ्यांनी ती उभी केली. पण पुष्कळ प्रेक्षकांना, आणि त्यात बायकाही होत्या, तीच आदर्श वाटली! लिहिणारा एक सांगतो आणि घरात ऐकू येतं दुसरंच. तुमच्या बाबतीत उलट झालं. लिहिलेलं होतं तसंच पोचलं, आणि तेसुद्धा ज्यांच्यापर्यंत पोचायला हवं होतं त्या सासूबाईंपर्यंत. ही बातमी लिहिणारीला कळायला नको?

तेव्हा लिहा. माफीनं सुरुवात करू नका, उंचीचा विषय तर काढूच नका. दोन-तीन ओळींत स्वतःची ओळख, मग तो प्रसंग, मग पलंग, जाहिराती आणि सासूबाईंचं ते वाक्य, जसं मला लिहिलंत तसंच. ते दीड वर्ष कसं गेलं, हेही दोन ओळींत येऊ द्या. सासूबाईंबद्दल लिहिताना थोरपणा चढवू नका. त्या होत्या तशाच येऊ द्यात, मोरीतल्या फोनचा टोमणा मारणाऱ्या. उत्तराची अपेक्षा असल्याचं लिहू नका, पण आपला पत्ता स्वच्छ अक्षरात घाला. बाईंच्या घरचा पत्ता शोधत बसू नका, ते त्यांना आवडायचं नाही. वाहिनीच्या किंवा मालिका तयार करणाऱ्या संस्थेच्या कार्यालयाच्या पत्त्यावर, बाईंचं नाव आणि खाली 'द्वारा' म्हणून संस्थेचं नाव, असं पाठवा. पाकिटावर मालिकेचं नाव ठळक लिहा, नाहीतर पत्र नायिकेच्या गठ्ठ्यात जाऊन पडेल. आणि साध्या टपालानं न टाकता स्पीड पोस्टनं पाठवा. चार पैसे जास्त जातील, जाऊ द्यात.