मुखवट्याआडचा गोलरक्षक

बर्फावरची हॉकी आपल्या वस्तीत कोणी पाहिलेली नसते, म्हणून आधी थोडे सांगतो. या खेळात चेंडू नसतो, कडक रबराची चकती असते. ती ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने येते आणि गोलरक्षकाने ती अंगावर घ्यायची. चुकला की पाठीमागे लाल दिवा लागतो, साऱ्या प्रेक्षकांना दिसतो.

वाचकहो, आज आम्ही सांगतो ते कॅनडाच्या ग्रांट फ्यूर यांच्याविषयी. जन्म १९६२ चा, आईबापांपैकी एक काळा, एक गोरा. तेरा दिवसांचे असताना एका गोऱ्या जोडप्याने त्यांना दत्तक घेतले. १९८१ साली एडमंटन ऑइलर्स संघाने त्यांना निवडले आणि १९८४ ते १९९० या काळात संघाने पाच वेळा स्टॅन्ले चषक जिंकला. हा चषक जिंकणारे पहिले काळे खेळाडू तेच.

पण घरातल्या बायाबापड्यांनी वाचावे ते पुढेच आहे. एवढे नाव झाले आणि कोकेनचे व्यसनही जडले. १९९० मध्ये ते उघड झाले. फ्यूर यांनी कबुली दिली आणि लीगने वर्षभराची बंदी घातली. पुढे ती कमी झाली, तरी ५९ सामने हुकले. १९९१ च्या फेब्रुवारीत ते परतले आणि पहिल्याच सामन्यात एकही गोल होऊ दिला नाही. प्रतिस्पर्धी संघांचे प्रेक्षक मात्र साखरेच्या पिशव्या दाखवून चिडवीत. माणूस व्यसनातून उठला तरी लोक त्याला उठू देत नाहीत, हे आम्हाला काही नवे नाही.

रंगाचे म्हणाल, तर १९९३ मध्ये बफेलोजवळच्या एका गोल्फ क्लबाने त्यांना सभासदत्व नाकारले. अर्जात चूक आहे म्हणे! ओरड झाल्यावर क्लबाने निर्णय फिरवला.

१९९५-९६ च्या हंगामात, वयाच्या तेहेतिशीत, सेंट लुईसकडून ते सलग ७६ सामने गोलात उभे राहिले. असा विक्रम कुणाचा नव्हता. २००० साली निवृत्ती, २००३ साली हॉकीच्या कीर्तिदालनात मान. तिथे पोचलेले पहिले काळे खेळाडूही तेच.

खेळ सुटला तरी बर्फ सुटले नाही. फ्यूर गोलरक्षकांचे प्रशिक्षक झाले. २००५ मध्ये जुने सोबती वेन ग्रेट्स्की फिनिक्सच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले, तेव्हा तिथल्या गोलरक्षकांची जबाबदारी फ्यूर यांच्याकडे होती. एडमंटनमध्ये एकाने गोल करायचे, दुसऱ्याने अडवायचे. इथे दोघे मिळून दुसऱ्यांची पोरे घडवीत होते.