नोड वगळण्याआधी त्याची वीज तोडा

क्लस्टर कोलमडला की हात आपसूक नोड काढून टाकणाऱ्या कमांडकडे वळतो. तीनपैकी दोन नोड गप्प, बहुमत नाही, लिहिणे थांबलेले. मग गप्प नोड यादीतून वगळून उरलेल्या एकालाच बहुमत द्यावे, हे सरळ वाटते. पण उत्तर न देणारा नोड बंदच आहे, असे नव्हे. बिघाड स्विचमध्ये असेल तर पलीकडचे दोघे धडधाकट असतात आणि बहुमत त्यांच्याकडे असल्याने ग्राहकांचे व्यवहार नोंदवतही असतात. अशा वेळी इकडच्या एकट्याला लिहायची मुभा दिली की एकाच हिशेबाच्या दोन वह्या सुरू होतात. 21 ऑक्टोबर 2018 रोजी गिटहबच्या अमेरिकेतील पूर्व किनाऱ्यावरच्या डेटा सेंटरचा संपर्क अवघे 43 सेकंद तुटला. तेवढ्यात स्वयंचलित यंत्रणेने पश्चिमेकडचे डेटाबेस मुख्य ठरवले, आणि पूर्वेकडच्या शेवटच्या काही सेकंदांच्या नोंदी तिकडे पोचल्याच नव्हत्या. सेवा 24 तास 11 मिनिटे विस्कळीत राहिली, कारण तिथल्या अभियंत्यांनी वेगापेक्षा डेटा शाबूत राखणे पसंत केले. तो निर्णय योग्यच होता.

मिनिटामिनिटाला नुकसान होत असताना एवढी चौकशी कोण करणार, हा आक्षेप रास्त आहे. मात्र आयपीएमआयवरून नोडची वीज तोडायला आणि हाताशी असलेल्या नोडवरचा शेवटचा व्यवहार क्रमांक पाहायला फार वेळ लागत नाही. फाटलेला डेटा जुळवायला लागतो. गॅलेरात सगळे नोड एकदम कोसळले तर ग्रास्टेट फाइलमध्ये व्यवहार क्रमांकाच्या जागी उणे एक दिसतो, आणि खरा क्रमांक रिकव्हरी चालवूनच कळतो. तो न पाहता 'सेफ टू बूटस्ट्रॅप' समोरचे शून्य पुसून एक लिहिणे म्हणजे मागे पडलेल्या नोडला प्रमाण मानण्याचा धोका पत्करणे.

याचा अर्थ नोड काढूच नये, असा नाही. एटसीडीत तीनातला एक खरोखर मेला असेल तर आधी तोच काढावा. चौथा आधी जोडला तर बहुमतासाठी तिघे लागतात, आणि नव्याच्या पत्त्यात चूक निघाली तर चालू असलेले दोघेही अडकतात. प्रॉक्समॉक्समध्ये काढलेला नोड जुन्या कॉन्फिगरेशनसह त्याच नेटवर्कवर पुन्हा सुरू करायचा नसतो. म्हणून आपल्या रनबुकमध्ये वगळण्याच्या कमांडच्या वर दोन ओळी लिहा: वीज कोणी तोडली आणि शेवटचा व्यवहार क्रमांक कोणता. त्या भरल्याशिवाय कमांड देऊ नका.