यंत्रविचार : जोडणी झाली, पण आवाज कोठें ?

रास्पबेरी पाय हा तळहातावर मावणारा संगणक सन २०१२ मध्यें इंग्लंडांत प्रथम विक्रीस आला, आणि २०१६ च्या तिसऱ्या आवृत्तींत ब्लूटूथची सोय त्याच्या पाटीवरच मिळूं लागली. तेव्हांपासून तारेवांचून गाणीं ऐकविणारें यंत्र घरच्या घरीं सिद्ध करण्याचा छंद सुशिक्षित कुटुंबांतूनही शिरला आहे. आजोबांनीं गाइलेलीं पदें जुन्या कॅसेटींवरून कार्डावर उतरवावीं व आजीनें तीं स्वयंपाकघरांतील स्पीकरवर ऐकावीं, यासारखा निर्मळ आनंद विरळाच. परंतु एके दिवशीं स्पीकर मुका होतो, आणि घरांतील चिरंजीव अधीरपणें सगळें कार्ड पुसून नवी मांडणी करावयास बसतात. यंत्र सुधारतें किंवा सुधारत नाहीं; आजोबांचा आवाज मात्र कायमचा जातो. तसा प्रसंग कोणावर येऊं नये, म्हणून हा लेखप्रपंच.

आमचें पहिलें सांगणें असें कीं, कोणत्याही उपायास हात घालण्यापूर्वीं कार्डावरील ठेव्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवावी. दुसरें असें कीं, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व लगेच ऐकून पाहावें. पांच गोष्टी एकदम बदलल्या, तर दोष कशांत होता हें शेवटपर्यंत कळत नाहीं.

प्रथम टीव्हीला एचडीएमआय तार जोडून आवाज येतो कीं नाहीं, तें पाहावें. आला, तर गाणीं शाबूत आहेत व दोष केवळ ब्लूटूथच्या वाटेवर आहे. विजेचीही चौकशी तेव्हांच करावी. चौथ्या आवृत्तीस ५ व्होल्ट व ३ ॲम्पिअर देणारा चार्जर लागतो. मोबाइलचा जुना चार्जर बहुधा पुरा पडत नाहीं. टीव्हीच्या पडद्यावर कोपऱ्यांत विजेची आकृति चमकली, तर दाब कमी पडतो असें समजावें.

पुढें स्पीकरकडे वळावें. पुष्कळ स्पीकर चालू होतांच ओळखीच्या फोनला जाऊन मिळतात, व मग संगणकास दाद देत नाहींत. म्हणून घरांतील सर्व फोनांचें ब्लूटूथ घटकाभर बंद ठेवावें. तरीही जमलें नाहीं, तर संगणकांतील जुनी ओळख काढून टाकून नव्यानें ‘पेअर’, ‘ट्रस्ट’ व ‘कनेक्ट’ या तिन्ही आज्ञा द्याव्या. यांतील ‘ट्रस्ट’ अनेकजण विसरतात. परिणामीं यंत्र बंद करून पुन्हां चालू केलें, कीं स्पीकर आपण होऊन जोडला जात नाहीं.

सर्वांत फसवा दोष मात्र याच्याही पुढचा आहे. ब्लूझेड नांवाची प्रणाली दोन यंत्रांची गांठ घालून देते. आवाज वाहून नेणें हें तिचें काम नव्हे. तें काम पल्सऑडिओ किंवा पाइपवायर या सेवेचें. पडद्याविना चालणाऱ्या ‘लाइट’ मांडणींत ही सेवा मुळांत नसते. त्यामुळें ओळख पटते, परंतु जोडणी करतांना ‘प्रोफाइल उपलब्ध नाहीं’ अशा अर्थाचा संदेश येतो. येथें कार्ड पुसून कांहींच साधत नाहीं. सेवा बसविली व चालू केली कीं काम होतें. आवाज टेलिफोनसारखा बसका येत असेल, तर संभाषणाचा प्रकार सोडून संगीताचा, म्हणजे एटूडीपी, निवडावा.

आवाज येतो पण अडखळतो, तेव्हां दोष हवेंत शोधावा. ब्लूटूथ व वायफाय हीं दोन्हीं २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत वावरतात. ब्लूटूथ सेकंदास १६०० वेळां वाहिनी बदलून गर्दी चुकवितें. तरी शेजारी मोठी वाहतूक चालली असतां अडखळतेंच. वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्यावें, किंवा इंटरनेट तारेनें घ्यावें. यूएसबी ३ ची डिस्क यंत्रापासून दूर ठेवावी, व धातूची पेटी काढून पाहावी.

वैद्य नाडी पाहिल्यावांचून मात्रा देत नाहीं. घरांतील तरुणांनीं यंत्राच्या बाबतींतही हाच धीर धरावा, एवढीच आमची विनंति आहे. नवीन कार्ड बाजारांत केव्हांही मिळतें. त्यावरील आवाज मिळत नाहीं.