शहराची तहान आणि शेतकऱ्याची मान



शहर वाढायला लागले की त्याचा विकास आराखडा होतो. पुढच्या वीस वर्षांत माणसे किती, घरे किती, रस्ते किती, पाणी किती याचा हिशेब मांडला जातो. हिशेब मांडायला हरकत नाही. शेतकरीही पेरणीआधी हिशेब मांडतो. पण तो स्वतःच्या रानाचा आणि स्वतःच्या विहिरीचा. शहराचा हिशेब दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आणि दुसऱ्याच्या पाण्यावर मांडलेला असतो. याला नियोजन म्हणत नाहीत, याला उचल म्हणतात.

पुण्याचेच उदाहरण घ्या. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणे. चारींचा मिळून साठा सुमारे २९ टीएमसी. धरणांखाली गेली ती मुळशी-वेल्ह्याकडची गावे. पाणी जायचे ते हवेली, दौंड, इंदापूरच्या रानांना आणि पुणे शहराला. शहराचा करार होता वर्षाला ११.५ टीएमसीचा. उचल झाली त्याहून कितीतरी जास्त. शेतकऱ्याने चारीवर एक मोटार जास्त लावली तर ती पाणीचोरी. शहराने टीएमसीच्या मापाने जास्त उचलले तर ती 'वाढती गरज'!

बरे, उचललेले पाणी निदान नळापर्यंत पोहोचते का? सुमारे ४० टक्के पाणी गळतीत आणि बेहिशेबी जाते, हे खुद्द पालिकाच सांगत आली आहे. ही गळती निम्मी जरी थांबवली तरी उन्हाळी आवर्तनाची रड कमी होईल. पण फुटका नळ बदलण्यापेक्षा शेतकऱ्याचे आवर्तन तोडणे स्वस्त पडते. कारण त्याची किंमत शहराला मोजावी लागत नाही. साडेसहा टीएमसी सांडपाणी शुद्ध करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून कालव्यात सोडायचे ठरले. म्हणजे स्वच्छ पाणी शहराने प्यायचे आणि वापरलेले आम्हाला द्यायचे. तेही आम्ही मान्य केले. पण ते पुरते शुद्ध करून, पूर्ण मापाने देण्याचे बंधन कोण पाळतो?

पवनेचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला न्यायचे ठरले तेव्हा मावळच्या शेतकऱ्यांनी विचारले, आमचे काय? ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर त्याचे उत्तर गोळीने दिले गेले. तीन शेतकरी ठार झाले, त्यात एक मायबहीण होती. शहराच्या भविष्याच्या हिशेबात हे तीन जीव कोणत्या रकान्यात धरले?

आता जमिनीचे पाहा. शेतावर बागेचे, शाळेचे, रस्त्याचे आरक्षण पडते. पैसा देत नाहीत, जमीनही सोडत नाहीत. नगररचना कायदा १९६६ चा. त्याच्या १२७ व्या कलमाप्रमाणे मालकाने दहा वर्षे थांबायचे, मग नोटीस द्यायची, मग आणखी दोन वर्षे वाट पाहायची. बारा वर्षांत मुलीचे लग्न अडते, कर्ज फुगते, आणि शेवटी जमीन मातीमोलाने दलालाच्या हाती जाते. त्यानंतर आरक्षण उठते. योगायोग पाहा!

गावांची गतही तीच. २०१७ साली ११ गावे पालिकेत घेतली, २०२१ साली २३. उरुळी देवाची आणि फुरसुंगीने वर्षानुवर्षे शहराचा कचरा सोसला. त्यांना २०१७ ला आत घेतले आणि २०२४ ला बाहेर काढले. गाव म्हणजे काय सोंगटी आहे?

कोणी म्हणेल, शेतकरी विकासाच्या आड येतो. साफ खोटे. हडपसरजवळ मगरपट्ट्याच्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी ४०० एकर रान एकत्र केले, जमिनीच्या प्रमाणात कंपनीचे भाग घेतले आणि स्वतः शहर उभे केले. शेतकऱ्याला शहर नको असे नाही. त्याला बळी व्हायचे नाही, भागीदार व्हायचे आहे.

पण भागीदाराला बैठकीत जागा लागते. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने महानगर नियोजन समिती आणली. तिच्यावर नगरपालिकांचे आणि पंचायतींचे निवडून दिलेले लोक, पण लोकसंख्येच्या प्रमाणात. म्हणजे डोकी मोजणार शहराची, आणि जमीन-पाणी जाणार गावाचे. निकाल आधीच लागलेला!

म्हणून प्रत्येक तालुक्याच्या बैठकीत हे चार ठराव व्हावेत. एक, शहराने कराराबाहेर उचललेल्या प्रत्येक टीएमसीची भरपाई कालव्याखालच्या शेतकऱ्याला रोखीने मिळावी. दोन, गळती आटोक्यात येईपर्यंत शहराला वाढीव कोटा नाही. तीन, आरक्षण टाकायचे तर त्याच वर्षी बाजारभावाने पैसे द्यावेत, नाहीतर जमीन मोकळी करावी. चार, ज्याचे पाणी आणि जमीन जाते त्याच्या ग्रामसभेच्या संमतीवाचून आराखडा मंजूर होऊ नये.

शहराला वाढायचे असेल तर जरूर वाढावे. स्वतःच्या खिशातून वाढावे.