जयंतीच्या आधी दहा किलो? आधी हिशेब करू या

मार्च उजाडला की पिंपळवंडी, आळेफाटा, नारायणगाव या पट्ट्यात आरोग्याचे काम करणाऱ्या आम्हा बायांना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतो. "ताई, चौदा एप्रिलपर्यंत दहा किलो उतरेल का?" कुणाला जयंतीच्या मिरवणुकीत लेझीम खेळायचे असते, कुणाला बुद्धपौर्णिमेला पांढरी साडी नेसायची असते, कुणाचे मे महिन्यात लग्न असते, तर कुणाची पोरं सुट्टीत कोकणात जायची ठरलेली असतात. निमित्त वेगळे, प्रश्न तोच. विचारणाऱ्यांत पंधरा वर्षांच्या मुली असतात, तशा पन्नाशीच्या मधुमेही मावश्याही असतात.

उतरण्याचा दावा करणारेही गावोगाव आहेत. कुणी शेकचा डबा विकतो, कुणी काढा, कुणी नुसता मोबाइलवर "सात दिवसांचा तक्ता" पाठवतो. आमचे म्हणणे आम्ही सुरुवातीलाच सांगून टाकतो. सणाची तारीख धरून झपाट्याने वजन उतरवणे हा आपल्या बायामुलींच्या तब्येतीवर घाला आहे. समाज म्हणून आपण त्याचे कौतुक करणे थांबवले पाहिजे.

आधी हिशेब करू. एक किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. दहा किलो म्हणजे ७७,०००. एका महिन्यात एवढी चरबी जाळायची तर रोज सुमारे २,५६० किलोकॅलरीची तूट पाडावी लागेल. आता बाईचे शरीर दिवसभरात खर्च किती करते? राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार ५५ किलो वजनाच्या बाईला बैठ्या कामात रोज सुमारे १,६६० आणि मध्यम कष्टाच्या कामात सुमारे २,१३० किलोकॅलरी लागतात. म्हणजे तिने महिनाभर अन्नाचा कण तोंडात घातला नाही, तरी दहा किलो चरबी जळणार नाही. जो माणूस महिन्यात दहा किलो चरबी उतरवण्याची हमी देतो, त्याला एक तर गणित येत नाही, नाही तर आपल्याला येत नाही असे तो धरून चालतो.

मग शेजारच्या वहिनींचे पंधरा दिवसांत पाच किलो कसे उतरले? काटा खोटा नसतो. पण काटा फक्त वजन सांगतो, काय उतरले ते सांगत नाही. आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा थोडा साठा असतो आणि त्यातल्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. जेवण तोडले की पहिल्या आठवड्यात हा साठा संपतो, पाणी लघवीवाटे जाते आणि काटा पटकन खाली येतो. दोन दिवस नीट जेवले की ते पाणी परत येते. उपासमार लांबली तर शरीर चरबीबरोबर स्नायूही खाते. वाफ्यात वाकून कांदा काढायला, डोक्यावर पाटी घ्यायला, पोर कडेवर घ्यायला लागणारी ताकद त्या स्नायूंत असते. पुढे वजन परत वाढते तेव्हा चरबी लवकर भरते, गेलेले स्नायू मात्र सहज भरून येत नाहीत.

पाणी तोडून वजन उतरवणे किती जिवावर येते ते साऱ्या देशाने २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिकला पाहिले. विनेश फोगाट ५० किलो गटात अंतिम फेरीत पोचली होती. रात्रभर घाम गाळला, केससुद्धा कापले, तरी सकाळी १०० ग्रॅम जास्त भरले आणि ती बाद झाली. त्यानंतर शरीरातले पाणी कमी झाल्यामुळे तिच्यावर उपचार करावे लागले. तिच्या दिमतीला डॉक्टर होते, प्रशिक्षक होते, आयुष्यभराचा सराव होता. आपल्या मुलींच्या मागे यातले काय असते? फोनवरचा तक्ता आणि मैत्रिणीचा सल्ला.

आता नुकसान काय होते ते बघू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्याहून जास्त बायांचे रक्त आधीच कमी. अशी मुलगी महिनाभर काकडी आणि लिंबूपाण्यावर राहते आणि मग एप्रिलच्या उन्हात तीन तास मिरवणुकीत नाचते. तिला चक्कर आली की लोक म्हणतात, ऊन लागले. ऊन तर असतेच, पण अंगात रक्त नाही, पोटात अन्न नाही, हे कुणी विचारत नाही. पाळी मागेपुढे होते किंवा बंदच होते. दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळू लागतात, तेव्हा जयंती मागे पडलेली असते आणि दोष नव्या शाम्पूवर जातो. फार वेगाने वजन उतरले की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. जुलाबाच्या किंवा लघवीच्या गोळ्या घेऊन वजन उतरवणाऱ्यांच्या शरीरातले पोटॅशियम घटते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ज्यांना मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवण तोडले तर साखर एकदम खाली जाऊन बेशुद्धी येते. अंगावर पाजणाऱ्या आईने आणि गरोदर बाईने तर हा विचारसुद्धा करू नये.

विकणाऱ्यांबद्दलही बोलले पाहिजे. १९५४ चा औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे. ज्या आजारांवर औषधाची जाहिरात करायला या कायद्याने मनाई आहे, त्यांच्या यादीत लठ्ठपणा आहे. म्हणजे "या औषधाने लठ्ठपणा हमखास जाईल" असा फलक लावणे मुळातच बेकायदा. काही गोळ्या-पावडरी "शंभर टक्के आयुर्वेदिक" म्हणून विकल्या जातात. सिब्युट्रामिन नावाचे भूक मारणारे औषध हृदयाला धोका म्हणून भारतात २०११ मध्ये बंद झाले. तेच औषध जगभरात अनेक "हर्बल" म्हणवणाऱ्या उत्पादनांत लपवून घातलेले सापडले आहे. म्हणून डब्यावर घटक लिहिलेले नसतील, अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक नसेल, तर तो डबा घरात आणू नका. आणि क्रमांक असला म्हणजे वजन उतरते असेही नाही. त्या क्रमांकाचा अर्थ एवढाच की विकणाऱ्याने खाद्यपदार्थ म्हणून परवाना घेतला आहे. शेकच्या डब्यावर जाणाऱ्या पैशांत घरातल्या सगळ्यांना कितीतरी दिवस अंडी खाता येतील, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आता इंजेक्शनेही आली आहेत. माउंजारो २०२५ च्या मार्चमध्ये आणि वेगोवी त्याच वर्षी जूनमध्ये भारतात आले. ही खरी औषधे आहेत. लठ्ठपणाने आजारी असलेल्या काही रुग्णांना त्यांचा उपयोग होतो, हे आम्ही नाकारत नाही. पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, तपासण्या करून, लांब पल्ल्याने घ्यायची असतात. मळमळ, उलट्या होतात, क्वचित स्वादुपिंडाला सूज येते, आणि बंद केली की बहुतेकांचे वजन पुन्हा चढते. लग्नापुरती दोन महिने टोचून घेण्याची ही वस्तू नाही.

हे सगळे कळूनही मुली उपाशी का राहतात? कारण आपण त्यांना तसे बोलतो. "बघण्याच्या" कार्यक्रमात मुलाकडची माणसे जाता जाता म्हणतात, मुलगी चांगली आहे, जरा जाड आहे. ते वाक्य मुलीच्या कानात वर्षभर राहते. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलींना वजन उतरवायची गरजच नसते. पाच फूट उंचीच्या बाईचे वजन साधारण ४३ ते ५३ किलो असावे. अठ्ठेचाळीस किलोची मुलगी "बेचाळीस कर" म्हणून येते, तेव्हा आजार तिच्या अंगात नसतो, तिच्याकडे बघणाऱ्या नजरेत असतो.

१९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी आपल्या आज्यांना साडी कशी नेसावी, स्वच्छ कसे राहावे हे सांगितले. जातीची खूण अंगावरून उतरवून माणूस म्हणून ताठ उभे राहा, हा त्यामागचा अर्थ होता. त्या साडीचा वारसा सांगणाऱ्या घरांत आज साडीत बारीक दिसावे म्हणून पोरगी उपाशी झोपत असेल, तर आपण त्या साडीचा अर्थ विसरलो आहोत. ज्या समाजाचे अंग शतकानुशतके दुसऱ्यांनी मोजले, त्याने आपल्या लेकींना किलोवर मोजू नये.

याचा अर्थ वजनाकडे दुर्लक्ष करा असा मुळीच नाही. त्याच सर्वेक्षणात राज्यातल्या पाचातली एक बाई फार कृश, तर चारातली जवळपास एक बाई जास्त वजनाची आढळली. मधुमेह आणि बीपी आता आपल्या वस्त्यांत घरोघरी आहेत. भारतीयांसाठी धोक्याची खूण सोपी आहे: कमरेचा घेर बाईचा ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या वर गेला की सावध व्हावे. शिंप्याची टेप पुरते. आणि हो, पुरुषांनीही मोजावे. जाडीवरून टोमणे बायकांना आणि ढेरी मात्र कर्त्या पुरुषाची शान, हे आता बास झाले.

वजन उतरवायचेच असेल तर कसे, याचे उत्तर आपल्या परंपरेत आहे. संयुत्त निकायात कोसलच्या पसेनदी राजाची गोष्ट येते. राजा द्रोणभर भात खायचा आणि धापा टाकत भगवंतांकडे यायचा. भगवंतांनी त्याला उपाशी राहायला सांगितले नाही. जेवताना भान ठेवावे, मापात खावे, अशा अर्थाची एक गाथा म्हटली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करून रोज जेवणाच्या वेळी म्हणायला सांगितले. राजाचे जेवण हळूहळू नाळीभर भातावर आले, अंग हलके झाले. आणि हे सांगणारे भगवंत स्वतः कडक उपासांनी देह झिजवून, तो मार्ग चुकीचा म्हणून सोडून आलेले होते. आजचे डॉक्टरही हेच सांगतात: आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक किलो. त्याहून वेगाने नको.

आपल्या भागात हे जमण्यासारखे आहे. दिवसात पाच वेळा दोन-दोन चमचे साखरेचा चहा होत असेल, तर साखरेतूनच सुमारे २०० किलोकॅलरी जातात. ती साखर सोडली तर महिन्याला कागदावर पाऊण किलो चरबीचा हिशेब निघतो, आणि जेवणातला घास कमी होत नाही. बाजरीची भाकरी सोडू नका, एखादी कमी करा आणि तिच्या जागी हुलगा, मटकी, अंडे किंवा बाजारातली सुकट वाढा. पालेभाजी रोज हवी. वेफर्स, फरसाण, थंड पेये घरात आणणेच थांबवा. रात्रीचे जेवण लवकर करा.

चालण्याबाबत मात्र शहरातला सल्ला इथे चालत नाही. "पहाटे पाचला चालायला जा" हे पुण्यात ठीक आहे. जुन्नर तालुक्यात उसाच्या कडेने अंधारात एकटीने जाणे म्हणजे बिबट्याला आमंत्रण. आमचे सांगणे असे की सूर्य उगवल्यावर किंवा मावळण्याआधी, चौघी-पाचजणींनी मिळून, शाळेच्या मैदानावर किंवा विहाराच्या अंगणात अर्धा तास भरभर चाला. ज्या बाया दिवसभर खुरपतात त्यांना वेगळ्या व्यायामाची सक्ती नको, त्यांना विश्रांती आणि पोटभर सकस जेवण हवे. सुट्टीच्या दिवशी सगळे मिळून लेण्याद्रीच्या पायऱ्या चढा. लेणीही बघून होतील.

जयंती मंडळांना आणि महिला मंडळांना आमची विनंती आहे. यंदाच्या कार्यक्रमात डीजेच्या खर्चातून थोडे बाजूला काढा आणि एक दिवस विहारात हिमोग्लोबिन, साखर, बीपी आणि कमरेचा घेर तपासण्याचा ठेवा. आशाताईंना आणि आरोग्य केंद्राला आधी सांगा. २०२३ च्या ऑगस्टपासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, त्याचा हक्काने उपयोग करा. लेझीमच्या सरावाला येणाऱ्या प्रत्येक मुलीला गूळ-शेंगदाणे आणि पाणी द्या, आणि ती जेवून आली का हे विचारा. लग्न जमवताना वजनाचा विषय निघाला तर घरातल्या वडीलधाऱ्यांनी तिथेच थांबवावा.

चौदा एप्रिल ही वजन उतरवून संपवायची तारीख नको. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनी त्या दिवशी सुरुवात करावी, पुढच्या जयंतीपर्यंत बारा महिने हातात आहेत. आणि यंदाच्या मिरवणुकीत प्रत्येक मुलगी पोटभर जेवून, आहे त्या अंगाने, आवडीची साडी नेसून नाचू दे.

जय भीम.