पातं चकाकतंय, पाणी कुठंय?

फ्लॅटच्या भिंतीवर खुकरी टांगायची सध्या फॅशन आहे. मागवायची ऑनलाइन. पातं आरशासारखं, त्यावर लाटालाटांची नक्षी, खोक्यावर 'दमास्कस' असं छापलेलं. माझ्या एका मित्राकडे असलीच एक आहे. मी विचारलं, हिने काय कापतोस? तर म्हणे, वेडा आहेस का, खराब होईल ना!

कापल्याने जे खराब होतं त्याला पातं म्हणू नये, शोपीस म्हणावं. माझी तक्रार शोपीसबद्दल नाही. घरात काचेचे हत्तीही असतात. तक्रार ही आहे की आपण पात्याच्या मेकअपला हजारो रुपये मोजतो आणि खरं पातं घडवणाऱ्या माणसाशी पन्नास रुपयांसाठी हुज्जत घालतो.

पात्याच्या गुणाला मराठीत 'पाणी' म्हणतात आणि त्यात धातुशास्त्र आहे. नेपाळात खुकरी घडवतात ते कामी लोक. कच्चा माल बहुतेक वेळा गाडीचा जुना कमानपाटा, म्हणजे साधारण ०.६ टक्के कार्बन असलेलं पोलाद. पातं तापून लाल झालं की किटलीतून पाण्याची बारीक धार फक्त कापणाऱ्या कडेवर सोडतात. कड कडक होते, पाठ मऊ राहते. पाठीत उरलेली धग हळूहळू कडेकडे येते आणि तिचा ठिसूळपणा कमी करते. म्हणून खुकरीचा घाव लाकडावर बसला तरी पातं मोडत नाही. थर्मामीटर नाही, टायमर नाही. लोखंडाचा रंग बघायचा आणि ठरवायचं.

हे बघायला काठमांडूला जायची गरज नाही. पुण्याबाहेर रस्त्याकडेला पाल टाकून बसलेले घिसाडी तशाच पाट्यांतून कोयते, विळे, कुऱ्हाडी करतात. भात्यापाशी एक जण, आणि घण मारायला बऱ्याचदा घरातली बाई. तिथे गाडी थांबवून आपण काय म्हणतो? "फिनिशिंग नाही हो याला. दीडशेला द्या."

तर फिनिशिंगबद्दलच बोलू. इंजिनीअरिंगला असताना सर्किट बोर्डावरचं तांबं खाऊन टाकायला फेरिक क्लोराइड वापरलेलं आठवतं का? तपकिरी पाणी, शर्टावर पडलं की डाग कायमचा. पात्यावरची नक्षीसुद्धा त्यानेच उठवतात. खऱ्या पात्यात दोन जातींचं पोलाद थरावर थर ठोकून जोडलेलं असतं. ॲसिडात बुडवलं की साधं कार्बनवालं पोलाद काळं पडतं आणि निकेल असलेलं उजळ राहतं. ॲसिड नक्षी तयार करत नाही, आत आहे ती दाखवतं. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून ते मारावं लागतं, धुऊन, कोरडं करून तेल लावावं लागतं. नाहीतर उरलेलं क्लोराइड पातं आतून खात बसतं.

स्वस्तातला माल वेगळा असतो. एकाच जातीच्या पत्र्यावर लेझरने किंवा छाप लावून लाटा काढलेल्या. तपासायचं असेल तर कोपऱ्यात पॉलिश पेपर घासा आणि तिथे पुन्हा ॲसिड लावा. नक्षी खरी असेल तर परत येते. खोटी गेली की गेली. मित्र अजून तयार झालेला नाही.

आरशासारख्या चकाकीचंही तेच. घाईने यंत्राच्या चाकावर घासलेलं पातं तापतं. कडेवर निळसर झाक दिसली तर तिथे पोलाद तीनशे अंशांच्या आसपास जाऊन आलं समजा. म्हणजे लोहाराने दिलेलं पाणी पॉलिशवाल्याने उतरवलं. फोटोत हे दिसत नाही.

आणि देखभाल? खुकरीच्या म्यानात दोन छोटी पाती असतात. एक कर्दा, बारीक कामाची सुरी. दुसरी चकमक, मुद्दाम बोथट ठेवलेली, तिने धार सरळ करायची, ठिणगीही पाडायची. देखभालीचं सामान वस्तूसोबतच दिलेलं. भिंतीवरच्या बहुतेक खुकऱ्यांची चकमक आजवर म्यानाबाहेर आलेली नसेल. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही नवं फीचर केलं की टाळ्या आणि जुना कोड सांभाळला की प्रमोशन पुढच्या वर्षी, त्यामुळे नवल वाटत नाही.

पुण्याच्या पावसाळ्यात पातं चामड्याच्या म्यानात ठेवून विसरू नका, चामडं ओल धरतं. पुसा, शिवणयंत्राचं तेल हलकं फिरवा, बाहेर ठेवा. खायचं तेल बराच काळ राहिलं की चिकट होतं. रोज वापरायच्या विळीला मात्र खोबरेल चालतं. खंडेनवमीला ओलं हळदकुंकू लावलंत तर दुसऱ्या दिवशी पुसा. देवी रागावणार नाही, लोखंड रागावेल.

विळीचा विषय निघालाच आहे. आजीची लोखंडी विळी 'काळी पडते' म्हणून भंगारात किलोवर गेली, अशी किती घरं सांगू? कैरी, चिंच, आवळा चिरला की लोखंड काळं पडणारच. तो थर नुसता घाणीचा नसतो, पुसून कोरडी ठेवली तर तांबड्या गंजाला तो थोडाफार अडवतो. स्टेनलेस सोयीचं आहे, जरूर घ्या. किमान साडेदहा टक्के क्रोमियम तुमच्या आळसाची काळजी घेतं. पण मग त्याच घरात 'हँडफोर्ज्ड' खुकरी टांगून परंपरेवर कॅप्शन लिहू नका.

ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला महाराष्ट्रात 'एक कोयता' म्हणतात. माणसं मोजायचं एकक म्हणजे पातं. पुण्यात मात्र कोयता हा शब्द आता 'गँग'च्या आधीच ऐकू येतो. कामाच्या पात्याला संशय, बिनकामाच्या पात्याला लाइक.

पुढच्या वेळी पाल दिसलं तर गाडी थांबवा. घरातलं बोथट काहीही न्या, विळी, कोयता, मोडक्या मुठीचा सुरा. धार लावून घ्या, गरज असेल तर पाणी द्यायला सांगा आणि ते देताना बाजूला उभे राहून रंग बघा. तो क्षणभरच टिकतो, त्यामुळे मोबाइल खिशात ठेवा. आणि ते सांगतील ते पैसे द्या.