विश्लेषण : ‘आबा आता थकलेत’ म्हणजे नेमकं किती थकलेत? हार्ट फेल्युअरच्या वृद्ध रुग्णांत हे मोजणं का महत्त्वाचं?

सातारा, सांगलीकडे वयस्कर माणसाबद्दल ‘आता थकलेत’ असं सहज म्हटलं जातं. पण घरात हृदयविकाराचा रुग्ण असेल, तर याच एका वाक्यावर मोठे निर्णय होतात. कराडला किंवा मिरजेला न्यायचं की घरीच ठेवायचं? शस्त्रक्रिया करायची की गोळ्यांवर भागवायचं? कधी ‘थकलेत’ म्हणून फायद्याचे उपचारही सोडून दिले जातात. कधी याच्या उलट, शरीराला न झेपणारे उपचार केले जातात. वैद्यकशास्त्रात या थकण्याला ‘फ्रेल्टी’ म्हणतात. ती अंदाजाने ठरवायची गरज नाही, ती मोजता येते.

हार्ट फेल्युअर म्हणजे काय?

‘हार्ट फेल झालं’ याचा बोलीतला अर्थ माणूस गेला असा होतो. डॉक्टरांच्या भाषेत अर्थ वेगळा आहे. हृदय चालू असतं, पण शरीराला लागेल तेवढं रक्त पुढे ढकलायला ते कमी पडतं. मग पायावर सूज येते, चालताना धाप लागते, रात्री उशी उंच घ्यावी लागते. इको तपासणीत मिळणारा ‘इजेक्शन फ्रॅक्शन’चा आकडा कुटुंबातल्या सगळ्यांना पाठ होतो. पण तो हृदयाच्या पंपाबद्दल सांगतो, माणसाच्या ताकदीबद्दल नाही. तोच आकडा असलेले दोन रुग्ण घ्या. एक सकाळी मंदिरापर्यंत चालत जाऊन येतो, दुसऱ्याला खाटेवरून उठायला हात द्यावा लागतो. दोघांचा पुढचा काळ सारखा नसतो.

फ्रेल्टी आणि म्हातारपण यांत फरक काय?

फ्रेल्टी म्हणजे शरीराची राखीव ताकद संपत येणं. धडधाकट माणूस आठवड्याच्या तापातून उठून पुन्हा कामाला लागतो. फ्रेल माणूस त्याच तापानंतर अंथरुणाला खिळू शकतो. वयाबरोबर हा धोका वाढतो, पण वय म्हणजे फ्रेल्टी नव्हे. ८० वर्षांची आजी शेतावर चक्कर मारून येते आणि ६२ वर्षांचा माणूस जिना चढू शकत नाही, असंही दिसतं.

हार्ट फेल्युअरच्या रुग्णांत हे प्रमाण मोठं आहे. जगभरातल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब २०१७ साली मांडला गेला, तेव्हा सुमारे ४५ टक्के रुग्ण फ्रेल असल्याचं दिसलं. दोन्ही आजार एकमेकांना वाढवतात. धाप लागते म्हणून माणूस हालचाल कमी करतो, हालचाल थांबली की स्नायू झडतात आणि स्नायू झडले की थोड्या श्रमानेही धाप लागते.

ती कशी मोजतात?

अमेरिकेतल्या संशोधक लिंडा फ्राइड यांनी २००१ मध्ये पाच खुणा मांडल्या : प्रयत्न न करता वजन घटणं, सतत थकवा, हाताची पकड कमजोर होणं, चाल मंदावणं आणि हालचाल कमी होणं. तीन किंवा अधिक खुणा असतील तर माणूस फ्रेल, एक-दोन असतील तर त्या वाटेवर.

दुसरी पद्धत कॅनडातल्या केनेथ रॉकवुड यांची आहे. २००५ मध्ये आलेल्या या मापनश्रेणीत आज १ ते ९ असे टप्पे आहेत. ठणठणीत माणूस १ वर. पाचव्या टप्प्यावर पैशांचे व्यवहार, प्रवास, औषधं यांना मदत लागते. सहाव्यावर आंघोळीलाही मदत लागू शकते. महत्त्वाचं म्हणजे, दाखल झालेल्या दिवशीची नव्हे, तर आजार बळावण्याच्या साधारण दोन आठवडे आधीची स्थिती धरायची असते.

सगळ्यात सोपी चाचणी चालण्याची. चार मीटर अंतर नेहमीच्या चालीने पार करायला पाच सेकंदांपेक्षा जास्त लागले, तर चाल मंदावली असं मानतात. त्यासाठी घड्याळ आणि मोकळी पडवी पुरते.

हार्ट फेल्युअरमध्ये मात्र दोन ठिकाणी फसगत होते. पायात आणि पोटात पाणी साचल्याने वजन कायम दिसतं, आत स्नायू झडत असतात. सूज उतरल्यावरच खरं वजन कळतं. शिवाय थकवा हृदयामुळेही येतो, त्यामुळे एका खुणेवरून निष्कर्ष काढता येत नाही.

पुढचा काळ कसा असतो?

भारतातल्या ५३ रुग्णालयांत हार्ट फेल्युअरसाठी दाखल झालेल्या १०,८५१ रुग्णांची राष्ट्रीय नोंद प्रसिद्ध झाली आहे. त्यांचं सरासरी वय होतं अवघं ६०. पहिल्या ९० दिवसांत सुमारे १४ टक्के आणि वर्षभरात सुमारे २२ टक्के रुग्ण दगावले. म्हणजे सर्वांत नाजूक काळ घरी आल्यानंतरचे तीन महिने.

फ्रेल रुग्णांत मृत्यूचा आणि पुन्हा दाखल व्हावं लागण्याचा धोका इतरांच्या साधारण दीडपट असतो, असं एकत्रित अभ्यास सांगतात. जपानमधल्या ‘फ्रॅजाइल-एचएफ’ या अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली. शरीराची कमजोरी, स्मरणशक्तीची घसरण आणि एकटेपणा यांतल्या जितक्या बाजू ढासळलेल्या, तितका धोका जास्त.

सातारा-सांगलीला हे का लागू पडतं?

पाटण, जावळीतली तरुण मंडळी पिढ्यान्‌पिढ्या माथाडी कामासाठी आणि नोकरीसाठी मुंबईला गेली. खानापूर-आटपाडीतली कुटुंबं सोन्या-चांदीच्या गलाई व्यवसायासाठी देशभर पांगली. अनेक घरांत मागे राहिले ते आई-वडील. एकट्याने राहणाऱ्या रुग्णाचं रात्रीचं जेवण चहा-खारीवर भागतं, पाणी कमी करणारी गोळी राहून जाते, सूज वाढलेली कुणाच्या लक्षात येत नाही.

परदेशी मोजपट्टी इथे जशीच्या तशी चालत नाही, हेही खरं. स्वयंपाक न करणारे आजोबा किंवा बँकेत कधीच न गेलेली आजी यांना ‘करता का?’ असं विचारून उपयोग नाही. ‘वेळ आली तर जमेल का?’ असं विचारावं लागतं.

फ्रेल्टी कमी होते का?

काही प्रमाणात होते, म्हणूनच ती मोजायची. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रिहॅब-एचएफ’ या अमेरिकी चाचणीत ३४९ वृद्ध रुग्ण होते, जवळपास सगळेच फ्रेल किंवा त्या वाटेवरचे. त्यांतल्या एका गटाला तोल, ताकद, चाल आणि दम यांचे व्यायाम रुग्णालयातच सुरू करून पुढे १२ आठवडे दिले. तीन महिन्यांनी त्या गटाची हालचाल स्पष्टपणे सुधारली. पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण मात्र घटलं नाही. व्यायाम म्हणजे चमत्कार नव्हे, पण स्वतःच्या पायाने संडासला जाता येणं हा त्या रुग्णासाठी मोठा फरक असतो.

औषधांबाबतही गैरसमज आहे. डापाग्लिफ्लोझिन या गोळीच्या चाचण्यांत फ्रेल रुग्णांनाही फायदा झाला. म्हणजे ‘अशक्त आहेत, गोळ्या कमी करा’ हे सरसकट बरोबर नाही. उभं राहताना रक्तदाब पडतो का, मूत्रपिंड कसं आहे, हे पाहून डोस ठरवायचा असतो.

योजना काय देतात, काय देत नाहीत?

ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळतं. पण हे संरक्षण मुख्यतः दाखल झाल्यावरचं आहे. घरी आल्यावर १२ आठवडे लागणारा फिजिओथेरपिस्ट, पुरेसा आहार, पडू नये म्हणून भिंतीला लावलेली दांडी, यांचा खर्च कुटुंबावरच येतो. ज्या तीन महिन्यांत धोका सर्वांत जास्त, तिथेच आधार सर्वांत कमी.

कुटुंबांनी काय विचारावं?

घरी सोडण्यापूर्वी डॉक्टरांना चार प्रश्न विचारता येतात. सूज उतरल्यावरचं वजन किती आणि घरी किती वाढलं तर कळवायचं? चाल आणि पकड तपासली का? कोणता व्यायाम कधीपासून सुरू करायचा? मूत्रपिंडाची स्थिती पाहता डाळ, अंडी, दूध किती चालेल?

आणखी एक प्रश्न रुग्णालाच विचारायचा, तोही सगळ्यांत आधी. आणखी एक शस्त्रक्रिया, आणखी एकदा आयसीयू, की घरच्या अंगणात त्रासाविना दिवस, त्यांना स्वतःला काय हवं आहे? फ्रेल्टी फार पुढे गेली असेल, तर धाप आणि वेदना कमी ठेवणं हाही उपचारच असतो. आबा थकलेत हे सगळ्यांना दिसतं. किती थकलेत आणि त्यातलं किती भरून येईल, हे मोजल्यावरच हा निर्णय त्यांच्यासोबत बसून घेता येतो.